सेनुआच्या कानांनी

‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ हा खेळ सुरू होण्याआधी खेळणाऱ्याला दोन गोष्टी सांगतो. एक, या खेळात मनोविकाराचं चित्रण आहे, ते काहींना त्रासदायक वाटू शकतं. दुसरी, हा खेळ हेडफोन लावून खेळावा. पहिली सूचना लोक गांभीर्याने घेतात. दुसरीकडे मात्र, टीव्हीचा स्पीकर आहेच की, असं म्हणून काणाडोळा होतो. माझ्या मते या खेळाचं मर्म त्या दुसऱ्या सूचनेतच आहे. ती पाळली नाही तर आपण हा खेळ नुसता पाहतो. त्यात शिरत नाही.

सुरतेतल्या मराठी वस्त्यांमध्ये, म्हणजे लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत, खेळणारी पोरं मला हमखास विचारतात, ‘गेमिंगसाठी हेडफोन कोणता घेऊ?’ पाठोपाठ आकड्यांचे प्रश्न येतात. आत आवाज काढणारा ड्रायव्हर 40 मिलिमीटरचा घेऊ की 50 चा? 7.1 सराउंड आहे का? बेस किती आहे? ही पोरं खान्देशातून आलेल्या घरांमधली. ताप्तीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा इथे मागावर काम करायला आले, त्यांची. पैसा जपून खर्च करणारी ही घरं आहेत, त्यामुळे प्रश्न मनापासूनचा असतो आणि त्याचं उत्तरही तितक्याच मनापासून द्यायला हवं. माझं उत्तर असं आहे की हेडफोनची निवड हा आधी ऐकण्याचा प्रश्न आहे. खेळ करणाऱ्यांनी आवाजात काय काय मांडून ठेवलं आहे ते एकदा कळलं, की कोणतं उपकरण ते पोहोचवतं आणि कोणतं बुडवतं, हे आपोआप कळू लागतं. म्हणून आधी हा एक खेळ नीट ऐकू या.

‘हेलब्लेड’ केंब्रिजच्या ‘निंजा थिअरी’ या संस्थेने केला. करणारी मंडळी विसेकच होती. 8 ऑगस्ट 2017 रोजी तो प्रसिद्ध झाला. गोष्ट थोडक्यात अशी: सेनुआ ही ऑर्कनी बेटांवरच्या पिक्ट जमातीची लढवय्यी तरुणी. उत्तरेकडून आलेल्या आक्रमकांनी तिच्या प्रियकराला, डिलियनला, क्रूरपणे मारलं. त्याचं मस्तक कापडात गुंडाळून कमरेला बांधून ती मृतांच्या देशात, हेलहाइमला निघाली आहे, त्याचा आत्मा सोडवून आणायला. आपल्याकडे सावित्री यमाच्या मागोमाग गेली, त्याच जातीचं हे धाडस. फरक इतकाच की सेनुआच्या डोक्यात लहानपणापासून आवाज आहेत. ते तिला हिणवतात, घाबरवतात, सावध करतात, कधी सांभाळूनही घेतात. ते खरे की खोटे, हा प्रश्न खेळ विचारतच नाही. तिला ते ऐकू येतात, म्हणून आपल्यालाही येतात.

पहिलाच प्रवेश घ्या. धुक्याने भरलेली नदी, ओंडका कोरून केलेली होडी, पाठमोरी सेनुआ वल्हं मारते आहे. पाहायला फारसं काही नाही. पाण्याचा रंग राखेसारखा आणि काठ अंधूक. हेडफोन लावलेला असेल तर मात्र या प्रवेशात गर्दी आहे. एक बाई अगदी आपल्या कानाशी येऊन बोलू लागते. तिचा श्वास ऐकू येतो, ओठ उघडताना होणारा बारीक आवाजही. ती सेनुआशी बोलत नाही, आपल्याशी बोलते. कोण आहेस म्हणून विचारते, उत्तराची वाट न पाहता आपल्याला जवळ घेते, आणि सेनुआची गोष्ट सांगायला लागते. त्याच वेळी डाव्या खांद्याच्या मागून एक कुजबुज उठते, तिला उजवीकडून दुसरी उत्तर देते. एक हसते, एक रडवेली होते, एक परत फीर म्हणून विनवते. आवाज डोक्याभोवती फिरतात. मधूनच वल्ह्याचा पाण्यात पडण्याचा आवाज येतो आणि लक्षात येतं, की तो एकटाच बाहेरचा आहे. बाकी सगळं आत चाललं आहे.

या प्रवेशाची किमया त्या बाईच्या बोलण्यापेक्षा तिच्या जवळिकीत आहे. नाटकात निवेदक रंगमंचाच्या कडेला उभा राहतो, आणि प्रेक्षक व निवेदक यांच्यात एक सभ्य अंतर असतं. इथे ते अंतर नाहीसं केलं आहे. इतक्या जवळून आपल्याशी कोण बोलतं? आई, प्रिय व्यक्ती, किंवा आपण स्वतः. त्या आवाजाने आपल्याला सेनुआच्या डोक्यातल्या गर्दीतला आणखी एक करून टाकलं आहे. आपणही तिच्याकडे पाहतो, तिच्याबद्दल मत बनवतो, ती कधी थकते याची वाट पाहतो. खेळणारा म्हणजे सेनुआच्या डोक्यातला आणखी एक आवाज, हा खेळाचा सगळ्यात मोठा विचार पहिल्या काही मिनिटांत, एकही सूत्रवाक्य न उच्चारता, केवळ आवाजाच्या जागेतून सांगितला आहे. टीव्हीच्या स्पीकरवर हेच शब्द ऐकू येतात, पण जागा हरवते. ती बाई समोरच्या भिंतीजवळून बोलते, आणि जागा गेली की अर्थही गेला.

ही जागा कशी निर्माण केली, ते पाहण्यासारखं आहे. ध्वनीची धुरा दाविद गार्सिया यांच्याकडे होती. सेनुआच्या डोक्यातल्या कुजबुजींना आवाज दिले हेलन गोलन आणि ॲबी ग्रीनलंड या दोन रंगभूमीवरच्या अभिनेत्रींनी. त्यांना नेहमीच्या माइकसमोर उभं करून वाचायला लावलं नाही. माणसाच्या दोन कानांसारखी रचना असलेल्या माइकभोवती त्या प्रत्यक्ष फिरल्या. जवळ आल्या, मागे गेल्या, एका कानाशी पुटपुटून दुसरीकडे सरकल्या. असं ध्वनिमुद्रण दोन कानांना वेगवेगळं पोहोचलं तरच खरं ठरतं. डाव्या कानासाठीचा आवाज डाव्या कानात, उजव्यासाठीचा उजव्यात. खोलीतल्या स्पीकरचे दोन्ही आवाज दोन्ही कानांत मिसळतात. हेडफोनचं काम तिथूनच सुरू होतं.

आपला कान दिशा ओळखतो ती अगदी बारीक हिशोबाने. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला उशिरा पोहोचतो, पण तो उशीर जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय डोकं मध्ये आल्यामुळे उंच पट्टीचा आवाज पलीकडच्या कानाला थोडा क्षीण पोहोचतो. लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये हे दोन्ही हिशोब एकत्र मांडले होते. पण समोर की मागे, वर की खाली, हे या दोहोंतून कळत नाही. ते सांगतात कानाच्या पाळीच्या वळ्या. त्यांच्यावरून परतणारा उंच पट्टीचा आवाज दिशेप्रमाणे किंचित बदलतो, आणि तो बदल मेंदूने जन्मापासून शिकून ठेवलेला असतो. खेळातली यंत्रणा हाच बदल गणिताने आवाजावर चढवते. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये आणि पुढे ‘व्हॅलोरंट’मध्ये एचआरटीएफ नावाने जी सोय दिली आहे, ती हीच. दोन कानांना दोन आवाज पुरतात. पेटीवर 7.1 लिहिलं म्हणजे कानाला सात स्पीकर लागतात असं नाही. खेळाने आधीच दिशा घडवलेली असताना हेडफोनचं आभासी 7.1 वर आणखी चालू ठेवलं, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा विसविशीत होते. दोहोंपैकी एकच चालू ठेवावं, शक्यतो खेळातलं.

आता लढाईकडे येऊ. ‘हेलब्लेड’मध्ये पडद्यावर कसलेही आकडे नाहीत. जीव किती उरला याची पट्टी नाही, शत्रू कुठे आहे दाखवणारा नकाशा नाही. तीन-चार जणांनी सेनुआला घेरलं असताना कॅमेरा तिच्या खांद्याशी असतो, त्यामुळे पाठीमागचं काहीच दिसत नाही. अशा वेळी तेच आवाज, ज्यांनी आतापर्यंत तिला नकोनकोसं केलं, मागून वार येतो आहे म्हणून सावध करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थबकलो होतो. ज्याला आपण रोग समजत होतो, तोच पहारा देऊ लागतो. भयानक रसातून करुण रस झिरपायला लागतो तो इथे. तिला या आवाजांशिवाय जगता येत नाही, याचं दुःख आणि त्यांच्यामुळेच ती अजून जिवंत आहे याचा दिलासा, दोन्ही त्या एका सावध करण्यात आहेत. शिवाय ती सूचना खेळायला कामाची आहे. ऐकली तर वाचतो, नाही ऐकली तर पडतो. भावार्थ आणि उपयोग इतके एकजीव झालेले फार कमी खेळांत सापडतात.

पुढे नॉर्स देव ओडिनच्या कसोट्यांपैकी एकीत सेनुआची दृष्टीच जवळजवळ काढून घेतली जाते. पडद्यावर उरतात अंधूक डाग आणि सावल्या. अंधारात काहीतरी श्वास घेतं आहे. ते कुठे आहे हे ऐकूनच ठरवायचं, जवळ आलं तर थांबायचं, दूर गेलं की पाऊल टाकायचं. हातातला कंट्रोलर थरथरून थोडी मदत करतो, बाकी सगळी भिस्त कानांवर. हा भाग खेळताना मी हेडफोन बदलून पाहिले, आणि हेडफोन निवडण्याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. जाड बेसचा, लखलखत्या दिव्यांचा एक हेडसेट लावला तेव्हा श्वापदाची घुरघुर अंगावर आली खरी, पण ती सगळीकडूनच आली. भीती वाटली, वाट सापडली नाही. नंतर वायरचे, सिलिकॉनच्या टोकांचे, कानात घट्ट बसणारे साधे आयईएम, म्हणजे इन-इअर मॉनिटर, लावले. घुरघुर लहान झाली, पण तिच्या मागचा ओलसर दगडी पोकळीचा प्रतिध्वनी ऐकू आला, आणि तो प्रतिध्वनी उजवीकडे पातळ, डावीकडे दाट होता. वाट उजवीकडे मोकळी होती.

असं का झालं? खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. पावलाच्या आवाजात टाच आपटल्याचा धप्प असतो तो खालचा, आणि तळवा घासल्याचा, वाळूचा, पाचोळ्याचा खसखस आवाज असतो तो वरचा. दिशा आणि अंतर मुख्यतः त्या वरच्या भागात लिहिलेलं असतं. बेस फुगवला की धप्प मोठा होतो, खसखस बुडते. म्हणून गेमिंगचा म्हणून विकला जाणारा पुष्कळसा दणदणाट खेळाच्या विरोधात काम करतो. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, यावरून यातलं काहीच कळत नाही. मोठ्या ड्रायव्हरचा वाईट हेडफोन आणि छोट्या ड्रायव्हरचा सुरेख आयईएम दोन्ही बाजारात आहेत.

सुरतेत माणूस कापड विकत घेताना पेटीवरचं नाव वाचून थांबत नाही. पट्टा उजेडात धरतो, वीण पाहतो, बोटांमध्ये चुरगाळून सोडतो. हेडफोनही असाच घ्यावा. दुकानात जाताना आपला फोन घेऊन जावं आणि आपला रोजचा खेळ, आपल्याला तोंडपाठ असलेली एखादी जागा चालवून बघावी. दुकानदार जे धमाकेदार गाणं लावून दाखवतो त्याने फसायला होतं, कारण मोठा आवाज सगळ्यांनाच पहिल्यांदा चांगला वाटतो. आवाज मुद्दाम कमी करावा, डोळे मिटावेत, आणि तीनच प्रश्न विचारावेत. कोण कुठे आहे हे कळतं का? किती लांब आहे हे कळतं का? आणि दोन आवाज एकदम आले तर वेगळे राहतात का?

आता प्रत्यक्ष सुरतेत, प्रत्यक्ष घरात. आपल्याकडची बहुतेक पोरं ‘हेलब्लेड’ खेळत नाहीत. त्याला चांगला कॉम्प्युटर किंवा कन्सोल लागतो. ती फोनवर ‘बीजीएमआय’ खेळतात. 2019 च्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घालून पोरांना पकडलं होतं, सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने तो खेळच बंद केला, आणि जुलै 2021 मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला, मधे पुन्हा बंद होऊन 2023 च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. हा सगळा इतिहास या पोरांनी अंगावर घेतला आहे. त्या खेळाचं मर्मही पाऊलच आहे. त्याच्या नकाशातल्या पोचिंकी गावात, एखाद्या घरात आपण वरच्या मजल्यावर दबा धरून बसलो आहोत. खाली लाकडी फरशीवर पाऊल वाजतं. मग थांबतं. जिन्यावर पहिली पायरी वाजली की ठरवायचं. गवतावरचं पाऊल मऊ, लाकडावरचं पोकळ, हा फरक ज्याला ऐकू येतो तो अर्धी लढाई बंदूक उचलण्याआधीच जिंकतो. ‘हेलब्लेड’ने भाव निर्माण करायला जे तंत्र वापरलं, तेच इथे डावपेचासाठी येतं. कान दोन्हीकडे तोच.

माझा भाचा डिंडोलीत राहतो. एकदा त्याने ब्लूटूथचे इअरबड दाखवले. म्हणाला, ‘मामा, गाणी भारी वाजतात, पण मॅचमध्ये समोरचा दिसतो आणि मग आवाज येतो. आणि टीमशी बोलायला माइक चालू केला की सगळं डबड्यातून आल्यासारखं वाटतं.’

मी म्हटलं, ‘बाळा, इअरबड खराब नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे.’

साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून बांधला जातो, मग हवेतून जातो, मग उलगडला जातो. त्यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. गाणं ऐकताना ते कळत नाही, गोळी चुकवताना कळतं. आणि माइक चालू झाला की साधे इअरबड फोन-कॉलच्या पद्धतीवर येतात. आवाजाचा पट्टा आखूड होतो आणि दोन्ही कानांत एकच आवाज जातो. दिशा तिथेच संपते. म्हणून खेळासाठी वायर उत्तम. वायर अगदीच नको असेल तर यूएसबीच्या लहान डोंगलबरोबर येणारा, 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा हेडसेट घ्यावा, त्यात उशीर जवळजवळ जाणवत नाही. फोनला 3.5 मिलिमीटरची जागा नसेल तर टाइप-सी डोंगल घ्यावा, मात्र तो माइक चालवतो का हे दुकानातच बोलून बघावं. भाच्याने दीड हजारांच्या आत वायरचे आयईएम घेतले. पुढच्या खेपेला भेटला तेव्हा, ‘मामा, खालून वर येणारा कळतो आता,’ इतकंच म्हणाला. मला तेवढं पुरे होतं.

मोठा, कान झाकणारा हेडफोन घ्यायचा असेल तर उघड्या पाठीचा की बंद पाठीचा, हा प्रश्न येतो. उघड्या पाठीच्या हेडफोनचा आवाज मोकळा, प्रशस्त असतो. 1968 मध्ये सेनहायझरने ‘एचडी 414’ काढला तेव्हापासून या जातीच्या हेडफोनने ऐकणाऱ्यांना वेड लावलं आहे. शांत खोलीत ‘हेलब्लेड’चं धुकं त्यातच खरं पसरतं. पण आपल्या घरांत शांत खोली कुठून आणायची? एका खोलीत पंखा आहे, टीव्ही आहे, कुकरची शिट्टी आहे, बाहेर शिवणयंत्रावर साडीला लेस लावणं चालू आहे, मागच्या गल्लीत माग चालू आहेत. उत्तरायणाला गच्चीवर स्पीकर आणि गणपतीत डीजे, ते वेगळंच. उघड्या पाठीतून हे सगळं आत येतं आणि आपल्या खेळाचे बाण बाहेर झोपलेल्या आजीला लागतात. इथे बंद पाठीचा हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारे आयईएमच बरे. सुरतेच्या दमट हवेत नकली चामड्याच्या गाद्या घामाने लवकर सोलतात, म्हणून कापडी गादीचा किंवा गादी सुटी मिळणारा हेडफोन पाहावा. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट दहा मिनिटं घालून बसावं, दांडीवर दाब आला तर दोन तासांत डोकं धरतं. 250 किंवा 300 ओहमचे स्टुडिओचे हेडफोन फोनवर दबके वाजतात, त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. फोनसाठी 16 ते 32 ओहमचे सोयीचे. माइक तोंडाजवळ येणारा असेल तर टीमला पंखा कमी आणि आपण जास्त ऐकू येतो.

हे सगळं बाजारातल्या माणसाला उपयोगाचं आहे आणि मी ते मनापासून सांगतो. पण सुरतेत राहून आवाजाबद्दल लिहिताना एक गोष्ट वगळली तर लेखणी खोटी ठरेल. या शहराने पिढ्यान् पिढ्या कान खर्च केले आहेत. मागाच्या शेडमध्ये आवाज सर्रास 90 डेसिबलच्या वर असतो. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 ही मर्यादा आहे, आणि इथे पाळी बारा तासांची चालते. शेडमध्ये माणसं बोलत नाहीत, खुणा करतात, ओठ वाचतात. धागा तुटला तर बोटाने दाखवतात, चहा आला तर हाताने सांगतात. घरी आल्यावर हीच माणसं मोठ्याने बोलतात, टीव्ही मोठ्याने लावतात, आणि पोरांना वाटतं बाबा रागावलेत. बाबा रागावलेले नसतात. त्यांच्या कानातले उंच पट्टीचे आवाज आधी गेलेले असतात, म्हणजे नेमका तो भाग, ज्यात पाचोळ्याची खसखस आणि नातवाच्या बोबड्या बोलातलं ‘स’ आणि ‘त’ असतं.

म्हणून मला काळजी वाटते ती आवाजाच्या पातळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तास ऐकणं निभावतं. आवाज 90 वर गेला की तीच मुभा चार तासांवर येते. जानेवारी 2024 मध्ये ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’मध्ये 14 अभ्यासांचा आढावा आला, त्यात 50 हजारांहून जास्त माणसांची माहिती होती. व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांचे कान सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे जात असल्याचा इशारा त्यात आहे. खेळात गोळीबार अचानक वाढतो, आणि पाऊल ऐकू यावं म्हणून चढवलेला आवाज स्फोटाच्या वेळी तसाच राहतो. इथे हेडफोनची निवड पुन्हा महत्त्वाची ठरते. बाहेरचा आवाज अडवणारा, बारीक आवाज नीट पोहोचवणारा हेडफोन असेल तर तोच खेळ कमी आवाजात खेळता येतो. पंख्यावर मात करायला कानावर मारा करावा लागत नाही. चांगलं उपकरण म्हणजे जास्त मोठा आवाज, ही समजूत सोडायला हवी. ज्यावर कमी आवाजात जास्त ऐकू येतं ते चांगलं.

‘हेलब्लेड’च्या ध्वनीचं मोठेपणही मला याच मापाने मोजावंसं वाटतं. 2018 च्या बाफ्टा खेळ-पुरस्कारांत या खेळाला पाच पुरस्कार मिळाले, त्यांत ध्वनीचा होता. सेनुआ साकारणाऱ्या मेलिना युर्गेन्स यांनाही होता, आणि त्या मुळात त्याच संस्थेत व्हिडिओ-संपादक होत्या. या खेळात मोठे आवाज आहेत, ढोल आहेत, सुर्त या अग्निदैत्याची गर्जना आहे. पण लक्षात राहतात त्या कुजबुजी. केंब्रिजचे मेंदू-अभ्यासक पॉल फ्लेचर यांची मदत घेऊन, आणि स्वतः असे आवाज ऐकलेल्या माणसांशी बोलून, करणाऱ्यांनी त्या कुजबुजींना त्यांचा मान दिला. भ्रम म्हणजे किंकाळ्या, हा सिनेमाने रुजवलेला समज त्यांनी मोडला. आजाराचा आवाज पुष्कळदा हळू असतो, जवळचा असतो, ओळखीचा असतो, आणि म्हणूनच त्यापासून सुटणं कठीण असतं. ही समज कानांतून मनात उतरली की माणूस बदलतो. आपल्या गल्लीतल्या, स्वतःशी पुटपुटत जाणाऱ्या बाईकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो.

पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ केला. आपल्या दैवतकथांमध्ये हिंडणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकित झाली. म्हणजे आपल्याकडची माणसं खेळ घडवू लागली आहेत. एखाद दिवशी कोणी मागाच्या शेडमधला खेळ करेल. धोट्याची ठोक, धागा तुटल्यावर ठेक्यात पडणारा खंड, त्या गदारोळात खुणांनी चाललेला संसार, यातलं सगळं दोन कानांच्या माइकने टिपण्यासारखं आहे. तो खेळ ऐकायला शाबूत कान असलेली पिढी इथे हवी. म्हणून जो कोणी मला हेडफोन विचारतो त्याला मी नाव सांगण्याआधी हे सांगतो: वायरचा घे, कानात किंवा कानावर नीट बसणारा घे, दुकानात आपला खेळ लावून घे, आणि घरी आल्यावर आवाज पहिल्या दिवशी ठेवलास त्याच्या एक पायरी खाली आणून खेळ. पाऊल ऐकू आलं तर निवड बरोबर झाली.